नवा कारभारी

(शहादा येथे प्रौढ वाचन वर्गांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला संगणकाविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. नाव ऐकताच काहीजण जरा मागे सरकून बसले, ते मी पाहिले. घाबरू नका. मी काही इंजिनीयर नाही. मी शहाद्यातल्या एका सेवा केंद्रात कागद भरून देणारा साधा माणूस. दाखले, अर्ज, उतारे हेच माझे काम. ते मी बरीच वर्षे केले.

आणि आज मी तुम्हाला माझी फजिती सांगणार आहे. आपली फजिती चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण ती तुमच्या उपयोगाची आहे, म्हणून सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, संगणक आमच्या काय कामाचा? आम्ही शेतात राबणारी माणसे. बरे, मग मला सांगा, आपल्या देशात आधारचा पहिला क्रमांक कुठे दिला गेला? मुंबईला नाही. दिल्लीला नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच तालुक्यातल्या टेंभली गावात तो दिला गेला. त्यासाठी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग टेंभलीला आले होते. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतातले पीक आपणच मोबाइलवर नोंदवायचे, अशी ती रीत. म्हणजे बघा, यंत्र आपल्या दारात येऊन बसलेच आहे. त्याला ‘तू कोण?’ असे विचारून आता भागणार नाही.

यंत्राचा कारभारी

संगणक म्हणजे एक मोठा वाडा समजा. वाड्यात कोठ्या असतात, कुलपे असतात, गडीमाणसे असतात. धनी म्हणतो, “पाहुण्यांना जेवायला वाढा.” धनी काही स्वतः धान्य काढायला जात नाही. कोणत्या कोठीत तांदूळ आहे, किल्ली कोणत्या खुंटीला आहे, पाणी कोण आणील, हे सगळे कारभारी पाहतो.

संगणकातही असेच आहे. अक्षरे दाबायचा फळा निराळा. दिसायचा पडदा निराळा. छापायचे यंत्र निराळे. कागदपत्रे साठवायची जागा निराळी. या सगळ्यांना एकमेकांची भाषा कळत नाही. या सगळ्यांकडून काम करून घेणारा एक कारभारी आत बसविलेला असतो. तो माणूस नाही. तो हुकमांचा एक मोठा संच आहे. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मराठीत कार्यप्रणाली म्हणतात. आपण आज त्याला कारभारीच म्हणू.

असे कारभारी अनेक आहेत. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीचा विंडोज हा पुष्कळ कचेऱ्यांत दिसतो. लिनक्स नावाचा एक आहे, तो फुकट मिळतो. त्याच्यावरूनच सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाचा कारभारी तयार केला. आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही एक कारभारी बसलेला आहे. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तो अँड्रॉइड नावाचा असतो.

एखाद्या सकाळी मोबाइल उघडावा आणि त्याचे तोंडच बदललेले दिसावे, असे तुमचे कधी झाले आहे का? काल फोन उचलायला हिरवे चित्र इकडे होते, आज तिकडे गेले. नातवाला हाक मारावी लागते. झाले आहे ना? मग माझी गोष्ट तुम्हाला चटकन कळेल.

माझी फजिती

ही गोष्ट २०२२ सालच्या जुलै महिन्यातली. शाळा-कॉलेजांचे प्रवेश चालू होते. आमच्या केंद्राच्या दाराशी सकाळपासून रांग लागे. शनिवारी संध्याकाळी मी जुन्या कारभाऱ्याला निरोप देऊन घरी गेलो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. रविवारी एक मुलगा येऊन नवी कार्यप्रणाली बसवून गेला. मला सोपे जावे म्हणून त्याने तिची भाषाही मराठी करून ठेवली.

सोमवारी मी येऊन बसलो. हात सवयीने डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे काहीच नाही! नेहमीची चित्रे नाहीत. नेहमीचा रंग नाही. इंग्रजीत जे शब्द होते ते मराठीत झालेले. तुम्हाला वाटेल, मराठी झाले तर बरेच झाले. पण मला ते मराठी परके वाटले. ‘संचिका’ म्हणजे काय? ‘प्राधान्ये’ म्हणजे काय? मी मॅट्रिक झालेला माणूस, आपल्याच भाषेत आंधळा झालो.

माझ्याकडे तर घोटून पक्की झालेली विद्या होती. वरून तिसरे चित्र दाबले की कागद छापून येतो. उजवीकडचे दुसरे दाबले की अर्ज उघडतो. चौदा वर्षे मी तेच करीत आलो. आता तिसरे चित्र दाबले की काहीतरी भलतेच उघडे. ते बंद करायला जावे तर सगळेच बंद होई. घाम फुटला. बाहेर रांग. मी चिडलो. यंत्रावर चिडलो, त्या मुलावर चिडलो, आणि शेवटी रांगेतल्या माणसांवर चिडलो. यंत्रावर हात उगारता येत नाही ना, म्हणून माणूस गरिबावर ओरडतो.

त्या रांगेत मंदाण्याकडची एक बाई होती. तिच्या मुलीला अकरावीसाठी वसतिगृहात जागा मिळत होती. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. दाखला मंजूर होऊन आमच्या यंत्रात आलेला होता. तो फक्त कागदावर उतरवायचा होता. दोन मिनिटांचे काम.

मी तिला म्हटले, “ताई, मशीन नवीन आहे. उद्या या.”

दिवस निंदणीचे. एक दिवस आला की एका दिवसाची मजुरी बुडते, वर एस.टी.चे भाडे. तरी मंगळवारी ती आली. मंगळवारीही मला छापायची जागा सापडेना. ती हळूच म्हणाली, “भाऊ, उद्या शेवटची तारीख आहे.” मी खेकसलो, “मग मी काय यंत्राच्या पोटात शिरू? उद्या या म्हटलं ना!”

ती काही बोलली नाही. हातातली पावती तिने चार घड्या घालून कनवटीला लावली आणि गेली. ती घडी घालतानाचे तिचे हात मला अजून दिसतात.

बुधवारी ती पुन्हा आली. या खेपेला ती खिडकीशी न थांबता माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे पाहू लागली. ती तुमच्यासारखीच प्रौढ वर्गात जात होती. चार महिने झाले होते. अक्षराला अक्षर लावून वाचीत होती. मी इकडेतिकडे टिचक्या मारीत होतो आणि ती पडद्यावर बोट न लावता, लांबूनच, एकेक अक्षर जुळवीत होती.

“मु... द्र... ण,” ती म्हणाली. “भाऊ, मुद्रण म्हणजे काय हो?”

मी वैतागून म्हटले, “मुद्रण म्हणजे छापणे, ताई.”

आणि माझे तोंड उघडेच राहिले.

तीन दिवस मी जे शोधत होतो ते माझ्या डोळ्यांसमोर मराठीत लिहिलेले होते. मी ते वाचलेच नव्हते. मी तिसरे चित्र शोधत होतो! तिला शब्द वाचता आला, पण अर्थ ठाऊक नव्हता. मला अर्थ ठाऊक होता, पण मी शब्द वाचला नव्हता. मी टिचकी मारली. यंत्र घुरघुरले आणि दाखला बाहेर आला.

ती दुपारपर्यंत वसतिगृहात पोचली. मुलीचे काम झाले. पण दोन दिवसांची मजुरी गेली ती गेलीच. मी भरून द्यायला लागलो, तर तिने घेतली नाही. एवढेच म्हणाली, “भाऊ, पुढच्या बाईला ‘उद्या या’ म्हणू नका.”

जागा ओळखणे आणि वाचणे

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. मी विचार केला, मी चुकलो कुठे?

तुम्ही वाचायला शिकला नव्हता तेव्हाचे दिवस आठवा. शहादा स्थानकावर धडगावची गाडी कशी ओळखत होता? ती अमुक खांबापाशी लागते, अमुक वेळेला लागते, यावरून. मग एखाद्या दिवशी गाडी दुसऱ्या जागी लागली की काय होई? भलत्याच गाडीत बसणे होई, नाहीतर गाडी निघून जाई. आता तुम्ही पाटी वाचता. गाडी कुठेही लागो, तुम्ही चुकत नाही.

मी संगणकापुढे बसून चौदा वर्षे खांब ओळखीत होतो. पाटी वाचीत नव्हतो. खांब हलला आणि मी अडाणी झालो. म्हणून सांगतो, यंत्र बदलले की तुम्हाला वाटते, ‘आपण नवशिके, आपल्याला काय जमणार?’ तसे नाही. नवशिका माणूस एकेक अक्षर वाचतो. जुना माणूस सवयीने पुढे पळतो. वाचायची सवय ही फार मोठी पुंजी आहे. कारभारी दहा वेळा बदलला तरी ती बुडत नाही.

पैसे बदलले तेव्हा

हा त्रास काही आजचाच नाही. माझे वडील आठवड्याच्या बाजारात मसाल्याचे दुकान लावीत. ते नेहमी नव्या पैशांची गोष्ट सांगत.

पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत. एका आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ पासून सरकारने रुपयाचे शंभर पैसे केले. त्यांना ‘नवे पैसे’ म्हणत. हिशेबाला ते सोपे. पण सुरुवातीला काय गोंधळ! एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून एका आण्याला ६ पैसे धरले, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५.

आता गंमत पाहा. एकेका आण्याच्या चार पुड्या निरनिराळ्या घेतल्या तर २४ पैसे. चारही एकदम घेतल्या तर २५. गिऱ्हाईक म्हणे, दुकानदार फसवतो. दुकानदार म्हणे, मी काय करू? वडील सांगत, त्या वर्षी मसाल्यापेक्षा तोंडच जास्त तिखट झाले.

पण हा बदल पचला. का पचला? एक तर कायदा १९५५ साली झाला आणि अंमल १९५७ साली आला. मध्ये लोकांना वेळ मिळाला. दुसरे, जुनी नाणी एका दिवसात मोडीत काढली नाहीत. काही वर्षे जुनी आणि नवी बरोबर चालू दिली. तिसरे, किती आण्यांचे किती पैसे, याची कोष्टके ठरवून दिली. माणसे हळूहळू सरावली. १ जून १९६४ पासून ‘नवे पैसे’ यातला ‘नवे’ हा शब्दही काढून टाकला. तोवर ते जुने झाले होते.

वजनांचेही तसेच. शेर गेला आणि किलो आला. पण आजही आपण बाजारात ‘पावशेर मिरच्या द्या’ म्हणतो आणि दुकानदार अडीचशे ग्रॅम तोलतो. पिकाची पैसेवारी निघते, तिला म्हातारी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. सवय ही अशी चिवट असते. तिला शिव्या देऊन उपयोग नाही. तिला वेळ द्यावा लागतो.

आमच्या केंद्रात चुकले ते इथे. रविवारी बदल केला आणि सोमवारी रांग लावली. आधी कोणी सांगितले नाही. चार दिवस जुने यंत्र बाजूला चालू ठेवले नाही. कोष्टक लिहून भिंतीला लावले नाही. आणि मीही मुकाट बसलो, विचारले नाही. बदल वाईट नव्हता. बदल करायची रीत वाईट होती.

मग बदलतात तरी कशाला?

तुम्ही विचाराल, जुना कारभारी बरा चालला होता, त्याला काढला कशाला?

याचे उत्तर आपल्या घरात आहे. पाऊस येण्याआधी आपण घर शाकारतो. फुटकी कौले बदलतो. दरवर्षी शाकारले नाही तर घर गळते. संगणकाच्या कारभाऱ्यातही फटी असतात. चोर त्या फटी शोधतात. कंपनी वेळोवेळी त्या फटी बुजविते. हीच त्याची शाकारणी.

पण कंपनी जुन्या कारभाऱ्याची शाकारणी कायमची करीत नाही. एक दिवस सांगते, ‘आता बस.’ विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिची शाकारणी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची नेहमीची शाकारणी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतरही यंत्र चालते. पण ते न शाकारलेले घर.

फट राहिली तर काय होते, तेही ऐका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा एक उपद्रव जगभर पसरला. तो संगणकात शिरे, सगळे कागद कुलपात घाली आणि किल्लीसाठी पैसे मागे. दोन लाखांहून जास्त संगणक त्यात सापडले. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांतली कामे अडली. हजारो रोग्यांना परत जावे लागले. आणि ती फट बुजवायचा उपाय कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलेला होता. ज्यांनी तो लावून घेतला नव्हता, ते सापडले.

म्हणून कारभारी बदलणे कधीकधी भागच असते. पण मंडळी, प्रत्येक बदल शहाणपणाचाच असतो, असे मात्र समजू नका. २०१२ साली विंडोज ८ आली. तिच्यात कंपनीने कोपऱ्यातले सुरुवातीचे बटणच काढून टाकले. जगभरातले शिकले-सवरलेले लोक गोंधळले. त्यांनी ओरड केली. मग पुढच्याच वर्षी, २०१३ साली, कंपनीला ते बटण परत आणावे लागले. तेव्हा एखादी गोष्ट सापडत नाही म्हणजे दोष आपल्या डोक्याचाच असतो, असे नाही. मांडणाऱ्यानेही नीट मांडले पाहिजे. अडले तर लाजू नका. सांगा.

अक्षरांचा घोळ

आणखी एक त्रास झाला, तोही सांगतो. मी आधीच्या काळात मराठीत टाइप केलेले पुष्कळ कागद साठविले होते. नव्या प्रणालीत ते उघडले तर अक्षरांच्या जागी नुसता कचरा. इंग्रजी अक्षरे, चिन्हे, ठिपके. मला वाटले, सगळे जळाले.

पण ते जळाले नव्हते. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. पूर्वी मराठी अक्षरांचे निरनिराळे संच विकत मिळत, आणि ज्याचे त्याचे आकडे निराळे असत. एकाकडचा ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच काही होई. नव्या यंत्रात तो जुना संच बसविलेला नव्हता, म्हणून कागद वाचता येईनात. जुना संच परत बसविल्यावर ते नीट दिसले.

आता ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना एकच ठरलेला आकडा देण्याची पद्धत आली. तिला युनिकोड म्हणतात. तिचे पहिले पुस्तक १९९१ साली निघाले. तिच्यात आपल्या ‘क’चा आकडा २३२५ आहे. शहाद्यात तोच, मुंबईत तोच, लंडनलाही तोच. म्हणून तुमचा मुलगा सुरतेहून मराठीत निरोप पाठवितो, तो तुमच्या मोबाइलवर मराठीतच उमटतो. मीही माझे जुने कागद एकेक करून युनिकोडमध्ये उतरविले. सहा महिने लागले. पण आता कोणताही कारभारी येवो, ते वाचता येतील.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

आता थोडक्यात कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. यंत्राचे किंवा मोबाइलचे तोंड बदललेले दिसले, तर घाईने बोटे मारू नका. दोन मिनिटे थांबा. पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचा. शब्द अवघड असेल तर विचारा. ‘मुद्रण’ म्हणजे छापणे, हे मलाही कोणी विचारले तेव्हाच सुचले.

दुसरी गोष्ट. एक वही करा. जे काम तुम्ही नेहमी करता ते आपल्या हाताने लिहून ठेवा. आधी काय दाबायचे, मग काय. चित्राची जागा लिहू नका, शब्द लिहा. जागा बदलते, शब्द सहसा टिकतो.

तिसरी गोष्ट. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. मोबाइलमध्ये नवी प्रणाली घ्यायची असेल, तर ती ऐन कामाच्या दिवशी घेऊ नका. आधी आपले फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून ठेवा.

चौथी गोष्ट. ‘मशीन बंद आहे, उद्या या’ हे उत्तर मुकाट्याने घेऊ नका. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला आहे. त्यात ठरविलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाल्या पाहिजेत. अर्ज दिला की पोच मागा. पोचेवर अर्जाचा क्रमांक असतो. मुदतीत काम झाले नाही, तर अपील करता येते. पोच नसेल तर तुमचे बोलणे वाऱ्यावर जाते. पोच असेल तर ते कागदावर राहते.

पाचवी गोष्ट. बदलाच्या दिवसांत चोर टपून असतात. कोणी फोन करून म्हणेल, “तुमचा मोबाइल जुना झाला, तो नवा करून देतो, तुम्हाला आलेला ओटीपी नंबर सांगा.” सांगू नका. गोड बोलो की धमकी देवो, सांगू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

शेवटचे बोलणे

आता माझे बोलणे संपवितो.

मंदाण्याच्या त्या ताई पुढे एकदा भेटल्या. मुलगी वसतिगृहात रमली होती. मी त्यांना माझी वही दाखविली. तिच्यात पहिल्याच पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिले होते, ‘मुद्रण म्हणजे छापणे’. त्यांनी ते बोट ठेवून वाचले. या खेपेला मध्ये न थांबता वाचले. मग पान उलटून पुढचा शब्द वाचू लागल्या.

त्यानंतर आमच्या केंद्रात प्रणाली आणखी एकदा बदलली. त्या वेळी मी आठ दिवस आधी जुने यंत्र बाजूला ठेवून घेतले. नव्यावर अडले की जुन्यावर काम करी. भिंतीवर कोष्टक लावले. पहिल्या दिवशी मला त्रास झाला नाही, असे नाही. दोनदा चिडलोही. पण ‘उद्या या’ असे कोणाला म्हणालो नाही.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पुस्तक संपले म्हणून वाचणे थांबवू नका. एस.टी.ची पाटी वाचा, औषधाच्या बाटलीवरचे वाचा, खताच्या गोणीवरचे वाचा, आणि यंत्राच्या पडद्यावरचेही वाचा. आमच्यासारखा खिडकीमागे बसलेला माणूस अडला, तर त्यालाही वाचून दाखवा. तो कदाचित चिडेल. तरी वाचून दाखवा.